तास किती हे नंतर, तास कुठले हे आधी

शहादा-तळोद्याकडून शिरपूर काही लांब नाही. तिथे फ्लाइंग अकॅडमी आहे. धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावरून ट्रेनिंगची छोटी विमानं उडतात. जळगाव विमानतळावर फ्लाइंग स्कूलला जागा द्यायचं विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये ठरवलं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची वर्षाला १८० पायलट घडवायची योजना आहे. आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, विमान पकडायचं तरी आधी सुरतची रेल्वे पकडावी लागते. तरीही 'मला पायलट व्हायचंय' हे वाक्य आता कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाला हसू आणत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे.

हल्ली मात्र या वाक्याला एक शेपूट जोडलेलं असतं. 'इथे दोन-तीन वर्षं काढायची, थोडे तास झाले की थेट दुबई नाहीतर दोहा.' रील्समध्ये हेच असतं, ॲडमिशनच्या सेमिनारमध्ये हेच असतं, आणि घरी वडिलांना पटवतानाही हेच सांगितलं जातं. फी जास्त आहे, पण परदेशातला पगार ती चुटकीसरशी फेडेल, असा तो हिशेब असतो.

माझं म्हणणं असं की हा हिशेब उलटा मांडला जातोय. परदेशातली नोकरी खोटी नाही. भारतातले कितीतरी पायलट आज आखाती कंपन्यांमध्ये आहेत. पण ती नोकरी करिअरच्या दुसऱ्या टप्प्यावर मिळते, आणि मिळते ती 'थोडे तास' झाले म्हणून नाही, तर विशिष्ट प्रकारचे तास झाले म्हणून. पहिल्या टप्प्याचं कर्ज दुसऱ्या टप्प्याच्या पगारावर काढणं म्हणजे पाऊस पडायच्या आधीच कापूस विकून टाकण्यासारखं आहे.

टंचाई नेमकी कुणाची?

'जगात पायलटची टंचाई आहे' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. ते अर्धं खरं आहे. टंचाई आहे ती प्रामुख्याने कॅप्टनची. विमानात डावीकडे बसणारा, खांद्यावर चार पट्ट्या असणारा, तो. उजवीकडे बसणारा को-पायलट बहुतेक देश आपापल्या घरी तयार करतात. आपल्याच पोरांना नोकऱ्या द्यायच्या सोडून बाहेरचा नवखा को-पायलट कोण कशाला आणेल?

आपलाच देश बघा. भारतीय कंपन्यांनाही गरज पडली की त्या परदेशी पायलट आणतात. त्यासाठी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, 'फाटा' नावाची तात्पुरती परवानगी देतं. ही परवानगी मुख्यतः कॅप्टनसाठी वापरली जाते. आपल्याकडे सीपीएल हातात घेऊन घरी बसलेली मुलं असताना परदेशी को-पायलट आणायचं कारणच नाही. जो नियम आपण इतरांना लावतो, तोच इतर देश आपल्याला लावतात.

इंडिगोने जून २०२३ मध्ये एका दमात ५०० एअरबस विमानांची ऑर्डर दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची घोषणा केली. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर, डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोच्या एकेका दिवशी शेकड्यांनी फेऱ्या रद्द झाल्या. त्या आठवड्यात सगळ्या देशाला कळलं की विमान विकत घेता येतं, पण ते उडवणारा अनुभवी माणूस रातोरात तयार होत नाही. अनुभवाला किंमत आहे ती अशी. आणि ती किंमत सध्या आपल्या देशातही आहे.

मिरचीचा न्याय

आता मुख्य मुद्दा, तासांचा. सीपीएलसाठी किमान २०० तास लागतात. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या लायसन्सला किमान १५०० तास. या दोन आकड्यांच्या मध्ये आणि थोडं पुढे, म्हणजे ५०० ते अडीच हजार तासांपर्यंत, जो पायलट असतो त्याला आपण मध्यम अनुभवाचा म्हणू. परदेशी नोकरीचा सगळ्यात जास्त गोंधळ याच पायलटचा होतो. तो नवखा नसतो आणि कॅप्टनही नसतो.

नंदुरबारच्या मार्केटमध्ये मिरची नुसत्या वजनावर जात नाही. ओली की सुकी, वाण कुठला, रंग कसा, ओलावा किती, यावर भाव ठरतो. एकाच वजनाच्या दोन गोण्यांना वेगवेगळा भाव मिळतो. लॉगबुकचंही तसंच आहे.

समजा एकाकडे १५०० तास आहेत, पण ते बहुतेक सगळे फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून सेस्नासारख्या छोट्या, एका इंजिनाच्या विमानावरचे आहेत. दुसरीकडेही १५०० तास आहेत, पण त्यातले १३०० एअरबस ए-३२० वर को-पायलट म्हणून आहेत. आकडा एकच आहे. पण एअरलाइनच्या जाहिरातीत दुसरी बसते आणि पहिला बसत नाही. कारण तिथे अट 'एकूण तास' एवढीच नसते. जेट विमानावरचे तास किती, दोन पायलटच्या कॉकपिटमधले किती, कुठल्या वजनाच्या वरच्या विमानावरचे, आणि गेल्या बारा महिन्यांत त्यातले किती उडालात, हे सगळं विचारलं जातं.

इन्स्ट्रक्टरचं काम कमी दर्जाचं आहे, असा याचा अर्थ अजिबात नाही. उलट हातात विमान घेऊन स्वतः निर्णय घेण्याची सवय तिथेच लागते. पण परदेशी एअरलाइनसाठी तास जमवायचे म्हणून कुणी हा रस्ता धरत असेल, तर त्याला आधीच सांगायला हवं की बाबा रे, हे तास तिकडच्या काट्यावर पूर्ण भरत नाहीत.

वेळेचाही हिशेब घाला. एअरलाइनच्या पायलटला वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उडायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे २०० वरून १५०० वर जायला, रोज संधी मिळाली तरी, सव्वा वर्षापेक्षा जास्त लागणार. प्रत्यक्षात दोन वर्षं धरा. शिवाय सीपीएल मिळणं आणि एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये पहिल्यांदा बसणं यात किती महिने जातील, ते बाजार ठरवतो. कुणाचे सहा जातात, कुणाची दोन-तीन वर्षं.

जेट आणि गो फर्स्टनंतर

मध्यम अनुभवाच्या पायलटचं काय होतं, हे बघायला फार लांब जायला नको. मुंबईतल्या दोन कंपन्या पुरेशा आहेत. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली. ३ मे २०२३ ला गो फर्स्टची उड्डाणं थांबली. त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर थांबलीच होती. तिन्ही वेळा पगार थकले, ईएमआय मात्र थांबले नाहीत.

अशा वेळी कॅप्टनांना इतर कंपन्यांनी तुलनेने लवकर बोलावून घेतलं. को-पायलटांची रांग लांबली. आणि त्या रांगेतही विमान कुठलं उडवलं होतं, यावर नशीब ठरलं. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळं टाइप रेटिंग लागतं. गो फर्स्टकडे एअरबस ए-३२० जातीचीच विमानं होती, आणि इंडिगो, एअर इंडियाकडेही ती होती. त्यामुळे त्यांना देशातच दार उघडं होतं. जेटकडे बोइंग ७३७ मोठ्या संख्येने होती, आणि ती वापरणाऱ्या कंपन्या देशात मोजक्याच. म्हणजे पुन्हा लाखो रुपयांचं टाइप रेटिंग, किंवा परदेश.

परदेशातही हाच प्रश्न. फ्लायदुबईकडे सगळी ७३७, एअर अरेबियाकडे ए-३२०. एमिरेट्सकडे मोठी विमानं. तुमच्या लॉगबुकमधलं विमान समोरच्या कंपनीकडे असेल तर तुम्ही 'तयार माल', नाहीतर तुमच्यावर पुन्हा खर्च करावा लागणारा उमेदवार. म्हणून पहिली नोकरी घेताना 'कंपनी कुठली' याबरोबर 'विमान कुठलं' हेही विचारायचं. हा प्रश्न बाविसाव्या वर्षी किरकोळ वाटतो, अठ्ठाविसाव्या वर्षी कळतो.

आणखी एक. नोकरी गेल्यावर सहा-आठ महिने उड्डाण झालं नाही की लॉगबुक शिळं होतं. प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत, हा किमान नियम. भरती करणारे त्यापेक्षा खूप जास्त मागतात. परदेशी नोकरी शोधायची उत्तम वेळ म्हणून इथली नोकरी चालू असतानाची. बेकारीत शोधायला निघालेल्याला अटी मान्य करत जावं लागतं.

लायसन्सला सरहद्द असते

इंजिनियरची डिग्री घेऊन तुम्ही जर्मनीत इंटरव्ह्यू देऊ शकता. पायलटचं तसं नाही. आयसीएओ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था जगभरासाठी किमान निकष ठरवते, पण लायसन्स प्रत्येक देश आपलं देतो. भारतीय लायसन्सवर दुसऱ्या देशाचं विमान उडवायचं तर त्या देशाकडून एकतर व्हॅलिडेशन घ्यायचं, म्हणजे तात्पुरती मान्यता, किंवा कन्व्हर्जन करायचं, म्हणजे तिथलं लायसन्सच काढायचं.

आखाती देश भारतीय पायलटला सोपे का वाटतात? कारण तिथे स्थानिक पायलट कमी आहेत, कंपन्या व्हिसा काढून देतात, आणि अनुभवी माणसाला पुन्हा शून्यापासून परीक्षा द्यायला लावत नाहीत. म्हणून जेटचा पुरेसा अनुभव असलेल्या को-पायलटलाही तिथे जागा निघते. मध्यम अनुभवासाठी हा सगळ्यात खरा रस्ता आहे.

युरोपचं गणित वेगळं. तिथे ईएएसएचं लायसन्स लागतं, थिअरीच्या १३ परीक्षा असतात, आणि त्या पास झालात तरी तिथे काम करण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागतो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचं लायसन्सही स्वतंत्र झालंय. अमेरिकेत एअरलाइनसाठी साधारण १५०० तास आणि तिथलं एटीपी लागतं. ते तुम्ही मिळवाल, पण ग्रीन कार्ड नसेल तर बहुतेक कंपन्या अर्ज पुढे नेत नाहीत. 'अमेरिकेत ट्रेनिंग म्हणजे अमेरिकेत नोकरी' असं कुणी सांगत असेल, तर त्याला व्हिसा कुठला मिळेल एवढंच विचारा.

कमी तासांचे पायलट परदेशात अजिबात जात नाहीत असंही नाही. आफ्रिकेत, मालदीवमध्ये, इंडोनेशियात छोट्या विमानांवर बाहेरचे पायलट काम करत आले आहेत. डोंगरातल्या आखूड धावपट्ट्या, पाण्यावर उतरणारी विमानं. शिकायला भरपूर मिळतं, पण जोखीम काय असते तेही ऐका. इंडोनेशियाच्या सुसी एअरचा न्यूझीलंडचा एक पायलट फेब्रुवारी २०२३ मध्ये पापुआत उतरला आणि तिथल्या बंडखोरांनी त्याला धरून नेलं. सुटला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. असा प्रसंग विरळा, पण करार वाचताना 'बेस कुठे' या ओळीवर बोट ठेवायला शिकवणारा.

ही पण उचलच

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला गुजरातकडे टोळ्या जातात. मुकादम आधी उचल देतो. पैसे हातात आले की घरची अडचण भागते, पण मग हंगामभर माणूस त्या उचलीला बांधलेला असतो. मध्येच सोडायचं तर उचल फेडा.

एअरलाइनचा बॉण्ड याहून फार वेगळा नाही. कंपनी टाइप रेटिंगचा खर्च करते, किंवा केल्याचं दाखवते, आणि तुम्ही ठरावीक वर्षं सोडणार नाही असं लिहून घेते. सोडलं तर लाखो रुपये भरा. त्यावर डीजीसीएचा नोटीस पिरियड. २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष. परदेशी कंपनी म्हणते, पुढच्या महिन्यात जॉइन व्हा. इथली म्हणते, सहा महिने थांबा. या कात्रीत ऑफर गेलेले पायलट कमी नाहीत. म्हणून परदेशाचा विचार असेल तर बॉण्ड कधी संपतो आणि नोटीस कधी द्यायची, हे कॅलेंडरवर आधी मांडायचं. ऑफर आल्यावर वकील शोधण्यात अर्थ नसतो.

बॉण्ड वाईटच असतो असं नाही. स्वतः २० लाख भरण्यापेक्षा तीन वर्षं बांधून घेणं अनेक घरांना परवडेल. पण तो उचल आहे हे ओळखून घ्या, बक्षीस समजून नको.

मग आले एजंट. परदेशी एअरलाइन्स सहसा स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा नावाजलेल्या रिक्रूटमेंट संस्थांमार्फत भरती करतात आणि उमेदवाराकडून जागेचे पैसे घेत नाहीत. आपल्या सरकारच्या नियमानुसारही नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, आणि एजंटची नोंदणी 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासता येते. 'दहा लाख द्या, सीट पक्की' म्हणणाऱ्याला कसं ओळखायचं, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. 'पैसे भरा आणि ५०० तास जेटवर उडा' असं पॅकेजही काही देशांमध्ये विकलं जात आलंय. म्हणजे तुम्ही नोकरी करता आणि पगारही तुम्हीच देता! त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि लॉगबुकमध्ये एकही तास खोटा नको. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यांच्या २६२ पायलटांची लायसन्स संशयास्पद आहेत. त्यानंतर परदेशात नोकरी करणाऱ्या पाकिस्तानी पायलटांना त्यांच्या कंपन्यांनी घरी बसवलं, आणि त्यात प्रामाणिक पायलटही भरडले गेले. युरोपने त्यांच्या सरकारी एअरलाइनवर बंदी घातली, ती उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. आपल्याकडेही २०११ मध्ये बनावट मार्कशीटवर लायसन्स घेतल्याची प्रकरणं उघड झाली होती. परदेशी कंपनी लायसन्स आणि तास डीजीसीएकडून पडताळून घेते. फुगवलेला एक पन्नास तासांचा आकडा खरे दोन हजार तास बुडवू शकतो.

परतीचं तिकीट

परदेशातल्या पायलटच्या नोकरीबद्दल एक गोष्ट सेमिनारमध्ये कुणी बोलत नाही. संकट आलं की बाहेरच्याचा नंबर आधी लागू शकतो. २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर आणली, तेव्हा आखातातल्या मोठ्या कंपन्यांनीही पायलट कमी केले. हाँगकाँगची कॅथे ड्रॅगन ऑक्टोबर २०२० मध्ये बंदच झाली. चांगल्या पगारावर चीनमध्ये गेलेल्या परदेशी पायलटांचं काम थांबलं. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर आणि मुलांची शाळा.

म्हणून परदेशात असतानाही भारतीय लायसन्स, मेडिकल आणि रेडिओचं लायसन्स चालू ठेवायचं. तासांची नोंद डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर नीट ठेवायची. 'लॉस ऑफ लायसन्स' विमा घ्यायचा, कारण डोळे, कान किंवा हृदय यातल्या एका तक्रारीवर पायलटचा पगार थांबू शकतो. आणि पहिल्या दोन वर्षांचा जादा पगार गाडीत न घालता कर्जात घालायचा.

सरकारची तक्रार, आपला प्रश्न

२०२५ मध्ये भारताने आयसीएओकडे तक्रार मांडली की परदेशी कंपन्या आपले अनुभवी कर्मचारी ओढून नेतात आणि त्यासाठी काही आचारसंहिता असावी. तक्रारीत तथ्य आहे. पायलट घडवायला आपल्या कंपन्यांना वेळ आणि पैसा लागतो. पण पायलट जातात का, हेही विचारायला हवं. एका वर्षाची नोटीस लावून माणूस थांबतो, मन थांबत नाही. विश्रांतीचे नियम वेळेवर पाळले, रोस्टर माणसासारखं ठेवलं, कॅप्टन कधी होणार हे स्पष्ट सांगितलं, बंद पडलेल्या कंपनीचे थकलेले पगार मिळाले, तर निम्मी गर्दी इथेच थांबेल. जाण्याचा हक्क काढून घेणं हा त्यावरचा उपाय नाही. ऊसतोडीला जाणाऱ्याला जसं 'जाऊ नको' म्हणून पोट भरत नाही, तसंच हे.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर प्रश्न आणखी आधी सुरू होतो. सीपीएलचा खर्च आज ४५-५० लाखांच्या पुढे सहज जातो. समजा ५० लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला सुमारे ५४ हजारांचा हप्ता. नोकरी लागायला दोन वर्षं लागली आणि व्याज साठत गेलं, तर तोच हप्ता ६४ हजारांच्या वर. हा आकडा दुबईच्या पगाराशी नाही, भारतातल्या पहिल्या नोकरीच्या पगाराशी आणि नोकरी नसलेल्या महिन्यांशी ताडून बघा. तिथे जमत असेल तर पुढे जा.

फी भरण्याआधी मेडिकल करा. आधी क्लास टू, मग क्लास वन. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, तेव्हा रक्ताची तपासणी करून डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांना आधीच दाखवा. रिपोर्टची भीती बाळगू नका. पण ४० लाख भरल्यावर कळण्यापेक्षा ४० लाख भरण्याआधी कळलेलं केव्हाही बरं. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, तेही दहावीनंतरच लक्षात ठेवा.

इंग्रजीला घाबरणाऱ्यांसाठी एक खात्रीची गोष्ट. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी आयसीएओची इंग्रजीची किमान लेव्हल फोर लागते. त्यात उच्चार, रचना, शब्द, ओघ, आकलन आणि संवाद तपासतात. साहेबी ॲक्सेंट कुणी मागत नाही. समोरच्याला कळलं पाहिजे आणि तुम्हाला समोरचा कळला पाहिजे, एवढंच. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी-गुजराती बोलणाऱ्या आपल्या मुलांना आणखी एक भाषा कानावर घेणं जड जाऊ नये. मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. भारतात महिला पायलटांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगात ते ५ टक्क्यांच्या आसपास आहे. या एका बाबतीत आपला देश पुढे आहे, तिथे आपल्या जिल्ह्याचं नाव लागायला काहीच हरकत नाही.

कॉलेजच्या करिअर कट्ट्यावर पुढच्या वेळी फ्लाइंग स्कूलवाले आले, की फोटो काढून झाल्यावर त्यांना हे विचारा. गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून सीपीएल घेतलेल्या किती जणांना नोकरी लागली आणि किती महिन्यांनी? त्यातले एअरलाइनमध्ये किती, इन्स्ट्रक्टर किती? २०० तास पूर्ण व्हायला तुमच्याकडे प्रत्यक्षात किती महिने लागतात? उत्तर लेखी मागा. दुबईचा विषय त्यांनी काढला, तर म्हणा, त्याचं आम्ही दोन हजार तासांनंतर बघू. आधी पहिल्या तासाचं बोला.